उसना अमेरिकन

मनुष्यास झाडांची किंमत दोन वेळां कळते, असें आमच्या पाहण्यांत आहे. एकदां ठेकेदार ती रुपयांत सांगतो तेव्हां. आणि दुसऱ्यांदा, तीं झाडें तुटून गेल्यावर उघड्या पडलेल्या परसाकडे पाहतांना. या दोन प्रसंगांच्या मध्यें जो थोडासा अवकाश मिळतो, त्यांत कांहीं शहाणपण सुचलें तर तें भाग्यच म्हणावयाचें. आमच्या नशिबीं तें शहाणपण परमुलखांत, आणि तेंही दीडशें वर्षांपूर्वीं मरून गेलेल्या एका चित्रकाराच्या हातून लाभावयाचें होतें. तीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांत आमचें मूळ घर आहे. घराच्या मागें डोंगराच्या उतरणीवर तीन एकरांची एक राई आहे. ऐन, किंजळ, सातविण, रायवळ आंबे, दोनचार जुने फणस आणि खालीं करवंदांच्या जाळ्या, असा तिचा संसार. ही राई देवाची नव्हे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. देवाच्या राईस कोणी कोयती लावीत नाहीं. तेथें राखणदाराची जरब असते. सह्याद्रींतील अशा देवरायांचा माधव गाडगीळ व वर्तक या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत कसून अभ्यास केला, आणि आपल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या पूर्वजांनीं केवळ भीतीच्या बळावर केवढें धन राखून ठेवलें तें सुशिक्षितांस दाखवून दिलें. आमच्या राईस मात्र अशी कोणतीच जरब नाहीं. तिचे धनी दोन. अर्धी आमची, अर्धी आमचे धाकटे चुलतबंधु बापू यांची. दोन सह्या झाल्या कीं तिचें आयुष्य संपलें!

बापू गांवीं राहतात, घर राखतात, देवांपुढें दिवा लावतात. आम्ही पुण्यास राहून गणपतीला चार दिवस जातों आणि घराच्या जुनेपणाचें कौतुक करून परत येतों. गेल्या दोन हंगामांत अवकाळी पावसानें आंब्याचा मोहोर झडला. त्यांतच बापूंच्या कुटुंबाच्या गुडघ्यांचें शस्त्रकर्म करावें लागलें. अशा वेळीं ठेकेदार दारांत आला यांत नवल नाहीं. ते लोक अडचणीचा वास दुरून घेतात. बापूंनीं संमतिपत्र आमच्याकडे पाठविलें आणि सोबत दोनच ओळी लिहिल्या : "अण्णा, सही करून पाठवावी. झाडें पुन्हां फुटतील." 

आम्हीं मदत पाठवूं शकत नव्हतों काय, असें वाचक विचारतील. पाठवूं शकत होतों. परंतु बापू ती घेणारे नव्हते. त्यांच्या मुलीच्या लग्नांत आम्हीं कांहीं रक्कम पाठविली होती, ती त्यांनीं पुढील चार वर्षांत आंब्याच्या पेट्यांच्या रूपानें सव्याज परत केली, आणि तोंडानें त्याविषयीं एक अक्षर काढलें नाहीं. गरिबाला दान देणें सोपें असतें; मानी भावास देणें महाकठीण! तें संमतिपत्र सही न करतां आम्हीं बॅगेंत टाकलें आणि आधीं ठरल्याप्रमाणें फ्रान्सच्या प्रवासास निघालों.

या प्रवासाचें कारण आमची भाची. ती चित्रकर्ती आहे. पॅरिसच्या आग्नेयेस फाँतेनब्लोचें सुप्रसिद्ध अरण्य आहे. आगगाडीनें तेथें जाण्यास पाऊण तासाहून अधिक लागत नाहीं. त्या अरण्याच्या कडेला, एका जुन्या शेतघरांत, निरनिराळ्या देशांतील सात कलावंत महिनाभर एकत्र राहून काम करीत होते. त्यांत ती होती. अशा कलानिवासाची कल्पना आम्हांस ऐकून ठाऊक होती. परंतु येथील नियम ऐकून आम्ही चकित झालों. महिन्याभरांत जें कांहीं निर्माण होईल, तें एकट्याचें असतां कामा नये. प्रत्येक कामाला निदान दोघांचे हात लागले पाहिजेत, आणि खालीं कोणीहि स्वतःचें नांव घालूं नये.

चित्र हें एकान्तांत करावयाचें काम आहे, अशी आमची जुनी समजूत. सात जणांनीं मिळून आमटी केली तर सातदां मीठ पडतें; चित्राचेंहि तेंच होणार, असें आम्ही तिला हंसत हंसत म्हणालों. ती म्हणाली, "मामा, मीठ पडलंच. आधीं पहा, मग बोला." तिनें आम्हांस कोठारांत नेलें. तेथें लांबच लांब मेजावर बारा-तेरा हातांचें एक कापड पसरलें होतें. सकाळीं सर्वांनीं रानांत हिंडावें, आणि दुपारीं परतल्यावर जें डोळ्यांत राहिलें असेल तें या कापडावर उतरवावें, असा क्रम होता. कोणी रानांतील वाळू डिंकांत कालवून लाविली होती, कोणी कोळशाच्या रेघा ओढिल्या होत्या. मध्यभागीं एक भला थोरला ओकवृक्ष होता. तो आमच्या भाचीचा.

"चार दिवस खपून मीं हें झाड काढलं," ती सांगूं लागली, "आणि पांचव्या दिवशीं सकाळीं येऊन पाहतें, तर दोन्ही बाजूंना कोणीतरी तोडलेल्या झाडांचे बुंधे काढून ठेवलेले! मी इतकी चिडले, कीं सामान आवरून घरीं यायला निघालें होतें." मग काय झालें, असें आम्हीं विचारलें. "मग सामान भरायच्या आधीं एकदां पुन्हां पाहिलं. बुंधे नव्हते तोंवर तें नुसतं एक झाड होतं. आतां तें राहिलेलं झाड झालं." 

राहिलेलें झाड! हे दोन शब्द आम्हांस बोचले, हें कबूल केलें पाहिजे. बॅगेंतील कागद आम्हीं तिला दाखविला नव्हता.

दुसरे दिवशीं ती आम्हांस बार्बिझाँ नांवाच्या खेड्यांत घेऊन गेली. हें खेडें अरण्याच्या पश्चिम कडेस आहे. गेल्या शतकाच्याहि मागच्या शतकांत, १८३० च्या सुमारापासून, पॅरिसचे तरुण चित्रकार येथें येऊन राहूं लागले. त्यापूर्वीं निसर्गदृश्य हें चित्रशाळेंत बसून, कोणा पौराणिक प्रसंगाची पार्श्वभूमि म्हणून काढावयाचें, अशी शिष्टांची रीत होती. हे लोक झाडासमोर जाऊन बसले, आणि झाड हेंच चित्राचा नायक आहे असें त्यांनीं ठरविलें. १८४१ सालीं रंग भरून ठेवण्याच्या धातूच्या नळ्यांचा शोध लागला आणि १८४९ सालीं आगगाडी फाँतेनब्लोपर्यंत आली. त्यामुळें रानांत बसून रंगविणें पुष्कळच सोपें झालें. गान नांवाच्या गृहस्थाच्या खाणावळींत हे चित्रकार उतरत. पाऊस लागला कीं रानांत जातां येत नसे. मग त्यांनीं खाणावळीचीं कपाटें, दारें, भिंती रंगविण्यास आरंभ केला. एकानें एक फळी रंगवावी, दुसऱ्यानें शेजारची. ती खाणावळ आज संग्रहालय आहे, आणि तीं कपाटें अद्याप तेथें पाहावयास मिळतात. आमच्या भाचीच्या मंडळींचा नियम अगदींच नवा नव्हता, तर!

या मंडळींत मुख्य तेओदोर रूसो. तत्त्ववेत्ता रूसो निराळा. हा चित्रकार १८१२ सालीं जन्मला. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनानें याचीं चित्रें इतक्या वेळां नाकारलीं, कीं 'थोर नाकारलेला' हें त्याचें टोपणनांवच पडलें. त्यानें बार्बिझाँस बिऱ्हाड केलें तें अखेरपर्यंत. त्या काळीं वनखातें अरण्यांतील जुने ओक तोडून त्या जागीं पाइन वृक्षांची लागवड करीत होतें. उत्पन्नाच्या दृष्टीनें तें शहाणपणाचेंच होतें. चित्रकारांनीं रागाच्या भरांत पाइनचीं रोपें उपटून टाकलीं, असेंहि सांगतात. रूसोनें १८४७ च्या सुमारास वृक्षतोडीचें एक चित्र आरंभिलें आणि त्यास नांव दिलें 'निरपराध बालकांची कत्तल'. बायबलांत हेरोद राजानें केलेल्या बालहत्येची कथा आहे, तिच्यावरून हें नांव घेतलेलें आहे. आपल्याकडील वाचकांनीं कंसाची आठवण करावी म्हणजे त्या नांवांतील वेदना तत्काळ कळेल. तें चित्र पुरें झालें नाहीं. तें आज हॉलंडांत हेग येथें आहे.

परंतु रूसो चित्र काढून थांबला नाहीं. १८५२ सालीं त्यानें चित्रकारांच्या वतीनें सरकारकडे अर्ज गुदरला. त्याचें फळ असें, कीं १८५३ सालीं ६२४ हेक्टर रान तोडीपासून वगळण्यांत आलें आणि १८६१ च्या फर्मानानें हें क्षेत्र १,०९७ हेक्टर झालें. त्यास 'कलाविभाग' असें नांव होतें. अमेरिकेंतील यलोस्टोन उद्यान १८७२ चें. म्हणजे त्याच्याहि आधीं दहा-अकरा वर्षें एका सरकारानें, केवळ सौंदर्यासाठीं, रान राखण्याचें मान्य केलें. १९४८ च्या ऑक्टोबरांत निसर्गरक्षणाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, तोहि याच फाँतेनब्लो गांवीं.

हें सर्व ऐकून आम्हांस आनंद झाला, परंतु मनांत एक शंकाहि उभी राहिली. रूसोचा शेजारी व जिवलग मित्र मिले. यानें त्याच भागांत लांकडांच्या मोळ्या वाहणाऱ्या बायका रंगविल्या आहेत. पाठ मोडेल अशा त्या मोळ्या! रान राखलें कीं चित्रकारास चित्र मिळतें. मोळीवालीस काय मिळतें? आमच्या मुलखांतहि इंग्रज सरकारानें १८७८ च्या कायद्यानें रानें राखिलींच, आणि गुरें चारणाऱ्यांस व सर्पण वेंचणाऱ्यांस गुन्हेगार ठरविलें. १९३० सालीं उरणजवळ चिरनेर येथें जंगल सत्याग्रहांत गोळीबार झाला, तो याच दुःखापायीं. ज्यास पोट भरावयाचें आहे त्यास झाडाचें सौंदर्य शिकविणें, हें पुण्यांत बसून बापूंस उपदेश करण्यासारखें आहे. तो उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नव्हता, आणि म्हणूनच आम्ही इतके दिवस गप्प होतों.

या शंकेचें उत्तर आम्हांस त्याच दिवशीं, त्याच दोन मित्रांच्या चरित्रांत मिळालें.

मिले १८४९ सालीं, पॅरिसमधील पटकीच्या सांथीला भिऊन, बायकामुलांसह बार्बिझाँस आला. दारिद्र्य त्याच्या पांचवीला पुजलेलें. १८५५ सालीं त्यानें झाडाला कलम बांधणाऱ्या एका शेतकऱ्याचें चित्र काढलें. शेजारीं त्याची बायको मूल कडेवर घेऊन उभी आहे. तें चित्र घेणारा कोणी मिळेना. तेव्हां रूसो त्याच्याकडे बातमी घेऊन आला, कीं एक अमेरिकन गृहस्थ तें चित्र ४,००० फ्रँकांस घेण्यास तयार आहे. मिलेस तें पैसे मिळाले. संसाराचा गाडा पुढें सरला. तो अमेरिकन कोठेंच नव्हता. चित्र घेतलें होतें रूसोनेंच. स्वतःचीं चित्रें त्या काळीं जराशीं विकूं लागलीं होतीं, त्या पैशांतून. मित्रास ओशाळें वाटूं नये एवढ्यासाठीं त्यानें एक अख्खा अमेरिकन उसना आणला! पुढें १८६७ सालीं रूसो मरण पावला तेव्हां मिले त्याच्यापाशीं होता; आणि १८७५ सालीं मिले गेल्यावर त्यासहि शेजारच्या शायी गांवीं रूसोच्या बाजूसच पुरण्यांत आलें. अरण्याच्या कडेला एका शिळेवर दोघांचीं मुखें एकाच कांस्यपटावर कोरून बसविलेलीं आहेत. त्या शिळेपाशीं आम्ही बराच वेळ उभे होतों.

परत येतांना आम्हीं भाचीस तो कागद दाखविला. तिनें वाचला आणि कांहीं बोलली नाहीं. मग आम्हींच म्हटलें, "आपणहि एक अमेरिकन शोधूं या."

रात्रीं बापूंस दूरध्वनि केला. येथील कांहीं कलावंतांस कोंकणांतील रान पाहावयाचें आहे. ते दिवाळीनंतर महिनाभर आपल्या घरीं राहतील. भाडें व जेवणाचा खर्च आगाऊ देतील. मात्र राई जशीच्या तशी असली पाहिजे, नाहींतर त्यांस येऊन उपयोग काय, असें आम्हीं सांगितलें. सांगतांना आमचा आवाज किंचित् कांपला असावा. बापू थोडा वेळ स्तब्ध होते. मग म्हणाले, "गोऱ्या लोकांना आमचं जेवण चालेल का?" आम्हीं चालेल म्हणून ठोकून दिलें. रक्कम पुण्यास परतल्यावर पाठविली. ती अर्थातच आमची.

कार्तिकांत भाची आली. बरोबर चौघे स्नेही. तिघे आपल्याच मुलखांतील आणि एक मात्र खरोखरच त्या शेतघरांतील गोरी बाई, म्हणून आमची लाज थोडी राहिली. सातविणीला फुलें आलेलीं होतीं. रात्रीं तिचा उग्र वास माजघरापर्यंत येई. किंजळीचे तुरे तांबूस होऊन सगळी उतरण गंजल्यासारखी दिसत होती. ओटीवर कापड पसरलें गेलें. तोच नियम : एकट्याचें कांहीं नाहीं. जांभ्याची लाल माती, चुना, कोळसा, हळद, हेच रंग.

आमच्या वाडींत तीस-पस्तीस वर्षें लांकूडतोड केलेला एक गडी आहे. तो रोज संध्याकाळीं येऊन ओटीच्या पायरीवर बसे. एके दिवशीं त्याला राहवेना. तो म्हणाला, "बाय, ह्यो ऐन न्हाय. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी आसता. ह्यी गुळगुळीत कशी?" भाचीनें कोळसा त्याच्या हातीं दिला. तो आधीं लाजला, मग त्यानें बोटभर रुंदीचे चौकोन ओढून साल काढून दाखविली. ज्या हातानें आयुष्यभर ऐन तोडले, त्या हातास ऐनाची साल आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होती. दुसऱ्या दिवसापासून तो रोज काम करूं लागला, आणि त्यास इतरांइतकीच मजुरी द्यावी असें बापूंनीं आपण होऊन ठरविलें.

बापूंचें कुटुंब दुखऱ्या गुडघ्यांमुळें खुर्चीवर बसून पाहत असे. चैत्रांगण काढण्यांत त्यांचा हात गांवांत नांवाजलेला. जमिनीवर बसवत नाहीं म्हणून दोन वर्षें त्यांनीं रांगोळीस हात लावला नव्हता. मुलींनीं कापडाचें एक टोंक उचलून त्यांच्यापुढें मेजावर ठेवलें. त्यांनीं झाडांच्या मुळांशीं गोपद्में, कासव, नाग, कमळ अशी एक ओळ चुन्यानें काढली. ती गोरी बाई तासभर त्यांच्या बोटांकडे पाहत बसली होती. त्या दिवशीं बापू आम्हांस अंगणांत म्हणाले, "शस्त्रकर्मानं गुडघे बरे झाले, ही मात्र आज बरी झाली."

महिना संपला, मंडळी निघाली. आम्ही त्यांस निरोप देण्यास गेलों होतों. मोटार वळणाआड गेल्यावर बापूंनीं कोनाड्यांतून एक पावतीपुस्तक काढलें आणि चष्मा लावून विचारलें, "अण्णा, भाड्याची पावती कोणाच्या नांवानं करूं? अमेरिकनाच्या, कीं तुमच्या?"

आम्ही काय उत्तर देणार! रूसोच्या काळीं बँकेचीं पुस्तकें नव्हतीं, आणि असलींच तर मिलेजवळ नव्हतीं. येथें पैसे ज्याच्या खात्यांतून आले त्याचें नांव पहिल्याच दिवशीं बापूंपुढें छापून आलें होतें.

"मग बोलला कां नाहीं?" आम्हीं विचारलें.

"बोललों असतों तर झाडं तोडावीं लागलीं असतीं," ते म्हणाले. "माझ्यानं तरी तीं कुठं तोडवत होतीं? नाहीं म्हणायला एक निमित्त हवं होतं. तें तुम्हीं पाठवलंत." एवढें बोलून त्यांनीं एक पाकीट आमच्या हातीं दिलें. "घर निम्मं तुमचं. म्हणून निम्मं भाडं तुमचं. हिशेब हिशेबासारखा असावा."

आम्हीं तें पाकीट घेतलें. नाकारलें असतें तर सगळाच खेळ मोडला असता. बापूंनीं आमचें खोटें महिनाभर सांभाळलें, तेव्हां त्यांचा हिशेब सांभाळणें आम्हांस भागच होतें. दोघांनीं मिळून एक काम केलें होतें, आणि त्याच्या खालीं कोणाचेंच नांव नव्हतें.

पुढील वर्षीं ही मंडळी येतील कीं नाहीं, तें सांगवत नाहीं. ठेकेदार अजून मधून मधून चौकशी करतो. मोहोराचा भरंवसा कोणीच देऊं शकत नाहीं. राई वांचली असें आम्ही म्हणत नाहीं. एक हंगाम ती राहिली, एवढेंच म्हणतों. तें संमतिपत्र आमच्या मेजाच्या खणांत आहे. आतांशा त्यावर सही करण्याचा विचार मनांत आला, कीं ऐनाच्या सालीचे ते चौकोन डोळ्यांपुढें उभे राहतात, आणि आम्ही खण पुन्हां लावून घेतों.